दंडाने सहकार्य वाढतेच, हा गैरसमज

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या सभेत थकबाकीचा विषय निघाला की ‘दंडाने माणूस सरळ होतो, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे’ असे कोणीतरी हमखास सांगते. हे अर्धेच खरे आहे.

अर्न्स्ट फेर आणि सायमन गॅख्टर या अर्थशास्त्रज्ञांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चौघांच्या गटात प्रत्येकाकडे २० एकक रक्कम असे. सामाईक निधीत घातलेल्या प्रत्येक एककामागे चौघांनाही ०.४ एकक परत मिळे, त्यामुळे काहीच न देणारा सर्वांत फायद्यात राही. पदरमोड करून अशा फुकट्याला दंड करण्याची मुभा मिळताच वर्गणी ठळकपणे वाढली. आपल्याकडे पोहोचला तो एवढाच भाग.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १६ शहरांतील अभ्यासात मात्र अथेन्स आणि मस्कत येथे अनेकांनी फुकट्यांना नव्हे, तर भरभरून देणाऱ्यांनाच दंड केला. जिथे हे वारंवार घडले, तिथे दंडाचा लाभ उरलाच नाही. नागरी सहकार्याचे संकेत आणि कायद्याचे राज्य दुबळे असलेल्या समाजांत ही वृत्ती अधिक तीव्र दिसली. म्हणूनच दंडाच्या रकमेआधी, दंड करणाऱ्यावर लोकांचा विश्वास आहे का, हे मला विचारावेसे वाटते.