करार शिल्लक असताना बदललेले मॅनेजर : कब्जच्या चाहत्यांच्या अस्वस्थतेमागचा इतिहास

६ नोव्हेंबर २०२३ या एकाच दिवशी मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधल्या तीन संघांच्या नव्या मॅनेजरांची, म्हणजे सामन्यात संघ चालवणाऱ्यांची, नावं बाहेर आली. क्लीव्हलँड आणि न्यूयॉर्क मेट्स यांच्या नावांची वाट सगळेच बघत होते, कारण तिथल्या जागा रिकाम्या होत्या. शिकागो कब्जची बातमी आली तेव्हा मात्र त्यांच्याच चाहत्यांचा विश्वास बसेना. त्यांच्याकडे मॅनेजर होता. त्याचा २०२४ चा करार शिल्लक होता, पुढच्या वर्षासाठी मुदतवाढीचा पर्याय क्लबच्या हातात होता, आणि महिनाभरापूर्वी हंगाम संपला तेव्हा वरिष्ठांनी आपण त्याच्या पाठीशी असल्याचंच सांगितलं होतं. तरीही मिलवॉकी ब्रुअर्सचा मॅनेजर पाच वर्षांच्या, सुमारे चार कोटी डॉलरच्या करारावर कब्जकडे आला. मॅनेजरला इतकी रक्कम तोवर कुणी दिली नव्हती.

त्या दिवसापासून चाहत्यांत जे दोन तट पडले, त्यांचं भांडण नव्या माणसाच्या लायकीवरून नव्हतंच. तो उत्तम आहे हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. भांडण जुन्या माणसाला ज्या पद्धतीनं घालवलं त्यावरून होतं, आणि ते समजायला मागे जावं लागतं.

या क्लबचं मॅनेजरच्या खुर्चीशी नातं पूर्वीपासून विचित्र आहे. १९६१ मध्ये तर मालकानं ते पदच काढून टाकलं आणि प्रशिक्षकांचं एक मंडळ नेमून त्यांनी आळीपाळीनं ‘मुख्य प्रशिक्षक’ म्हणून संघ सांभाळावा असं ठरवलं. पहिल्या वर्षी ९० पराभव झाले, दुसऱ्या वर्षी १०३. मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक १९६२ मध्ये याच संघात आला, पण संघ सांभाळण्याची पाळी त्याच्यावर एकदाही येऊ दिली नाही. १९६६ च्या हंगामासाठी ज्याला नेमलं, त्यानं पत्रकारांसमोर पहिल्याच भेटीत सांगून टाकलं की मी मुख्य प्रशिक्षक नाही, मॅनेजर आहे. त्याच्याही पहिल्या वर्षी पराभव १०३ च झाले, पण निदान जबाबदार कोण हे प्रेक्षकांना कळू लागलं.

मधली चार दशकं इथे सोडून देतो. २०१० चा उल्लेख मात्र हवा. क्लबचा लाडका सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक), थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेला, चार वर्षं कब्जच्याच मायनर लीग (खालच्या पातळीवरच्या) संघांतून बसनं फिरत मॅनेजरकी शिकत होता. जागा रिकामी झाली तेव्हा ती त्याला न देता तात्पुरत्या मॅनेजरला कायम केलं. तात्पुरता मॅनेजर म्हणून त्याचे आकडे खरोखरच चांगले होते, २४ विजय आणि १३ पराभव. पुढच्या वर्षी ७१ विजय, ९१ पराभव झाले आणि त्यालाही जावं लागलं. आपल्या माणसाला डावललं ही सल चाहत्यांच्या मनात तेव्हापासूनची. पण तो सेकंड बेसमन रांगेतला उमेदवार होता, खुर्चीवर बसलेला नव्हता. खुर्चीवर बसलेल्याला उठवण्याचा प्रकार २०१४ मध्ये घडला.

मला वाटतं २०२३ ची सगळी चर्चा २०१४ पासून सुरू व्हायला हवी होती, आणि ती तशी झाली नाही. २०१४ चा मॅनेजर जेमतेम एक हंगाम झालेला होता. तीन वर्षांचा करार, त्यातलं एक संपलेलं. ७३ विजय, ८९ पराभव हे आकडे वाईट दिसतात, पण संघ जाणूनबुजून मोडून नव्यानं बांधला जात होता आणि तरुण खेळाडूंना सांभाळून घेणं हेच त्याचं काम होतं. ते त्यानं नीट केलं, असं त्याला नेमणारेही म्हणत होते. मग ऑक्टोबरमध्ये टँपा बे रेज या संघाचे क्रीडा प्रमुख लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेले. टँपाच्या मॅनेजरच्या करारात एक कलम होतं : प्रमुख गेले तर दोन आठवड्यांत त्यालाही करारातून बाहेर पडता येईल. २४ ऑक्टोबरला तो बाहेर पडला. ३१ ऑक्टोबरला कब्जनं आपला मॅनेजर काढला. ३ नोव्हेंबरला रिग्ली फील्ड या कब्जच्या मैदानासमोरच्या बारमध्ये नवा मॅनेजर माइकसमोर बसला होता आणि जमलेल्यांना एक फेरी आपल्याकडून पाजत होता.

चाहते खूष होते. मी त्यांना दोष देत नाही, सलग पाच हंगाम त्यांनी नुसते पराभव मोजले होते. पण त्या बारमधल्या जल्लोषात ज्या माणसाची खुर्ची गेली त्याच्याविषयी बोलणारे फार थोडे होते.

क्लबनं त्या वेळी एक निवेदन काढलं, ते आज पुन्हा वाचण्यासारखं आहे. त्यात म्हटलं होतं की जुना मॅनेजर आणखी एका हंगामाला पात्र होता. आमच्यापुढे पेच होता, त्याच्याशी निष्ठा ठेवायची की संस्थेशी, आणि शंभरहून जास्त वर्षं जेतेपद न मिळालेल्या क्लबमध्ये संस्था आधी येते. त्याच निवेदनातली आणखी एक गोष्ट अधिक महत्त्वाची. टँपाच्या मॅनेजरशी बोलणी सुरू करण्याआधी कब्जचे जनरल मॅनेजर (संघबांधणी पाहणारे अधिकारी) विमानानं सॅन डिएगोला गेले होते. आम्ही दुसऱ्या माणसाशी बोलणार आहोत, हे त्यांनी जुन्या मॅनेजरला समोर बसून सांगितलं. आधी सांगणं, मग बोलणी. निर्णय कठोर होता, पण क्रम सरळ होता.

टँपाची तक्रार होती की त्यांचा माणूस करारात असतानाच त्याला फूस लावली गेली. लीगनं चौकशी केली आणि एप्रिल २०१५ मध्ये पुरावा नसल्याचं सांगून ती बंद केली. तोवर कुणाला त्यात रस उरला नव्हता. त्या वर्षी ९७ विजय मिळाले, पुढच्या वर्षी १०३, आणि १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे जेतेपदाची अंतिम मालिका. त्या मालिकेच्या शेवटच्या, सातव्या सामन्यात पिचर (चेंडू टाकणारा) लवकर बदलल्याबद्दल नव्या मॅनेजरवर टीका झाली, अजून होते. पण २०१४ मध्ये जे केलं ते योग्य होतं का, हा प्रश्न विजयाच्या मिरवणुकीत वाहून गेला. यश मिळालं म्हणून निर्णय बरोबर ठरला, असा अर्थ सगळ्यांनी काढला. क्लबनंही तोच काढला, असं माझं मत आहे.

आता २०२३ मध्ये काढलेला माणूस कोण होता ते पाहा. २०१६ च्या त्याच सातव्या सामन्यात पाचव्या इनिंगमध्ये आलेला ३९ वर्षांचा बॅकअप कॅचर (राखीव यष्टिरक्षकासारखा खेळाडू). आल्या आल्या त्याची एक थ्रो चुकली, लगेच एका वाइल्ड पिचवर (पिचरच्या भरकटलेल्या चेंडूवर) दोन रन गेल्या, आणि पुढच्याच इनिंगमध्ये त्यानं होम रन मारला. कारकिर्दीतला तो त्याचा शेवटचा सामना होता, सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेलं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तोच मॅनेजर झाला तेव्हा शंका घेणारे होते, कारण आधी कुठेही मॅनेजर म्हणून काम केलेलं नव्हतं. पण राग कुणाला नव्हता. विजेत्या संघाचे तारे एकेक करून इतर संघांकडे गेले तेव्हा उरलेल्या संघासह डगआउटमध्ये उभा राहिला तो हाच.

त्याच्या विरोधातला पुरावाही खोटा नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये संघ प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) जाणार असं दिसत असताना शेवटच्या २२ पैकी १५ सामने गेले. अटलांटातली २६ सप्टेंबरची रात्र चाहते विसरणार नाहीत : ६-० अशी आघाडी, मग ती घसरत गेलेली, आणि आठव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना उजव्या क्षेत्रात हातात आलेला सोपा झेल सुटला. दोन रन गेल्या, सामना ७-६ नं गेला. झेल मॅनेजर सोडत नाही हे खरं, पण तेच ते रिलीव्हर (बदली पिचर) वापरून दमवले याचा ठपका त्याच्यावर होता. शेवटी ८३ विजय झाले आणि प्लेऑफ एका सामन्यानं हुकला. ८४ विजयांवर आत गेलेला ॲरिझोनाचा संघ थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला, त्यानं जखम आणखी चिघळली.

म्हणजे बदल करायला कारण होतं. हंगाम संपल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला काढलं असतं, तर बहुतेकांनी मान डोलावली असती. पण तसं केलं नाही. मिलवॉकीच्या मॅनेजरचा करार ऑक्टोबरअखेर संपला, नोव्हेंबर उजाडताच कब्जच्या प्रमुखांनी त्याला गुपचूप गाठलं, सगळं ठरवलं, आणि मग विमानानं फ्लोरिडाला जाऊन आपल्या मॅनेजरला सांगितलं. हे प्रमुख म्हणजे २०१४ मध्ये सॅन डिएगोला गेलेलेच गृहस्थ. समोर जाऊन सांगण्याची रीत त्यांनी दोन्ही वेळा पाळली. फरक इतकाच की पहिल्या वेळी समोरच्याला बोलणी सुरू होण्याआधी कळलं, दुसऱ्या वेळी सगळं संपल्यावर. या फरकाला फारसं कुणी महत्त्व दिलं नाही. माझ्या मते सगळा वाद त्याच एका जागी आहे. काढलेल्या माणसानं पुढे आपल्या गावच्या वर्तमानपत्राशी बोलताना राग येतो हे कबूल केलं आणि क्लबचे आभारही मानले. त्याच्या चाहत्यांना तेवढं मोठं मन करता आलं नाही, आणि तशी अपेक्षाही चुकीची आहे.

मिलवॉकीची बाजू वेगळी. कब्जकडे गेलेला तो मॅनेजर तिथल्याच व्हाइटफिश बे या उपनगरात वाढला, त्याचे वडील ब्रुअर्सच्या कार्यालयात नोकरीला होते, तो स्वतः ब्रुअर्सकडून खेळला आणि २०१५ पासून त्यानं ७०७ सामने जिंकून दिले. क्लबच्या इतिहासात इतके कुणी जिंकले नव्हते. २०१८ मध्ये डिव्हिजनच्या (लीगमधल्या गटाच्या) जेतेपदासाठीचा जादा सामना त्यानं शिकागोत, कब्जच्याच मैदानावर जिंकला होता. दोन शहरांत दीडशे किलोमीटरही अंतर नाही, आणि मिलवॉकीच्या स्टेडियममध्ये कब्जचे चाहते येऊन जागा अडवतात ही तिथली जुनी तक्रार. तो न्यूयॉर्कला, मेट्सच्या रिकाम्या जागी गेला असता तर लोक हळहळले असते. शिकागोला गेल्यावर गावातल्या, त्याच्याच नावाच्या मैदानाच्या फलकावर कुणीतरी स्प्रेनं शिवी लिहिली. २७ मे २०२४ ला तो पाहुणा मॅनेजर म्हणून परतला तेव्हा स्टेडियमभर हुर्यो उडाली.

याच शहरातली दक्षिणेकडची गोष्टही इथे जोडून सांगायला हवी, कारण माणूस तोच आहे. २०१४ मध्ये कब्जनं काढलेला मॅनेजर पुढे व्हाइट सॉक्स या शिकागोच्या दुसऱ्या संघाकडे आला, पुन्हा एक मोडलेला संघ त्याच्या हाती दिला गेला, आणि २०२० च्या छोट्या हंगामात ३५ विजय मिळवून त्यानं तो बारा वर्षांनी प्लेऑफमध्ये नेला. त्याच ऑक्टोबरमध्ये त्याला काढलं. जागी आला तो हॉल ऑफ फेममधला ७६ वर्षांचा मॅनेजर, जो २०११ नंतर डगआउटमध्ये बसलेला नव्हता. तिथल्या चाहत्यांना तो पहिल्या दिवसापासून नको होता, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात त्याला काढा अशा घोषणा स्टेडियममध्येच सुरू झाल्या. एकाच माणसानं एकाच शहरात दोनदा संघ उभा करून द्यायचा आणि फळ दुसऱ्यानं खायचं, हे न्यायाचं आहे असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

कब्जच्या नव्या मॅनेजरच्या पहिल्या वर्षी, २०२४ मध्ये, ८३ विजय आणि ७९ पराभव झाले. आकडे तंतोतंत आदल्या वर्षाचेच. मिलवॉकीनं त्याच्या जागी त्याचाच बेंच कोच (सामन्यातला मुख्य सहायक) बसवला, जो नोटर डेम विद्यापीठात त्याचा प्रशिक्षक होता. त्यानं ९३ सामने जिंकून डिव्हिजन घेतली आणि वर्षातला सर्वोत्तम मॅनेजर हा किताबही घेतला. शिष्याला तो मिलवॉकीत असताना कधी मिळाला नव्हता. २०२५ मध्ये कब्ज ९२ विजयांसह प्लेऑफमध्ये गेले, सॅन डिएगोला हरवलं आणि पुढच्या फेरीत गाठ पडली मिलवॉकीशीच. मालिका पाचव्या सामन्यापर्यंत गेली. ११ ऑक्टोबरला मिलवॉकीत कब्ज ३-१ नं हरले आणि सर्वोत्तम मॅनेजरचा किताब पुन्हा गुरूकडे गेला.

पगाराचा विक्रमही आता राहिलेला नाही. मार्च २०२५ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनं आपल्या मॅनेजरला वर्षाला ८१ लाख डॉलरचा करार दिला. कब्जचा करार २०२८ च्या हंगामापर्यंत आहे.