पिल्लाचं पोट बिघडतं तेव्हा

नागपुरात रस्त्यावरचं कुत्र्याचं पिल्लू कोणी घरी आणलं, की त्याच्यापुढे सगळ्यात आधी येते दुधाची वाटी. आमच्याकडेही तेच झालं. धरमपेठेतल्या एका टपरीखालून आणलेल्या, जेमतेम दीड महिन्याच्या पिल्लानं वाटी चाटून साफ केली आणि सकाळपर्यंत घरात चार ठिकाणी पातळ शी.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. अंगावरचं दूध सुटू लागलं की पिल्लात ते कमी होत जातं. त्यात कुत्रीच्या दुधापेक्षा गाईच्या दुधात लॅक्टोज जास्त, प्रथिनं आणि स्निग्धांश मात्र बरेच कमी. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून धरते आणि पोट वाहू लागतं. अचानक बदललेलं खाणं, आई-भावंडांपासून तुटल्याचा ताण यांनीही हेच होतं.

पण शीपेक्षा आधी पिल्लाकडे बघा. ते खेळतंय, खातंय, शेपटी हलवतंय, तर एक दिवस थांबायला हरकत नाही. दूध बंद करा. मऊ भात आणि उकडलेलं चिकन, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही न घालता, थोडं थोडं चार-पाच वेळा द्या. पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवण्याची जुनी सवय लहान पिल्लाच्या बाबतीत धोक्याची आहे. त्याच्या अंगात साखरेचा साठाच इतका कमी असतो, की काही तासांच्या उपासानंही ते गळून जाऊ शकतं.

खरी भीती अंगातलं पाणी कमी होण्याची. दोन किलोच्या जिवाजवळ गमवायला पाणी असतंच किती? नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना, तर तासांचा हिशेब करावा लागतो. वरचा ओठ उचलून हिरडी बघा. निरोगी हिरडी ओली आणि गुलाबी असते. बोटानं दाबल्यावर पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी. ती चिकट, कोरडी किंवा फिकी लागली तर थांबू नका.

साध्या पाण्यापेक्षा ओआरएस, म्हणजे जुलाबात देतात ते साखर-मिठाचं पाणी, चांगलं काम करतं. आतड्याच्या पेशीत एक प्रथिन असतं, ते ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनंच आत घेतं आणि त्यांच्यामागे पाणी येतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत ओआरएसनं असंख्य रुग्णांना वाचवलं, ते याच जोडीच्या बळावर. कुत्र्याच्या आतड्यातही ती आहे. किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. उलट्या होत असतील किंवा पिल्लू निपचित असेल, तर तोंडात काहीच ओतू नका. ते फुप्फुसात जाऊ शकतं. आपल्या डब्यातली जुलाबाची किंवा तापाची गोळी तर अजिबात नको.

उलट्या, रक्ताची घाण वास येणारी शी, खाणं बंद, सुस्ती: हे पार्वो असू शकतं. हा विषाणू १९७८ मध्ये कुत्र्यांत जगभर पसरला. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होत असतं. ते घडवणाऱ्या पेशींनाच तो मारतो. शिवाय अस्थिमज्जेतही शिरतो, म्हणून पांढऱ्या पेशी घटतात. उपचार नसेल तर बहुतेक पिल्लं दगावतात, वेळेवर सलाईन मिळालं तर बहुतेक वाचतात. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. त्यामुळे आलं तेव्हा ठणठणीत होतं, हे ऐकून निश्चिंत होता येत नाही. नेहमीच्या फिनाईलनं हा विषाणू मरेल असं समजू नका. घाण उचलून फरशी धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी लावून दहा मिनिटं ओली राहू द्या.

आमच्या पिल्लाची शी स्वच्छ डबीत घालून तपासायला नेली. सूक्ष्मदर्शकाखाली गोलकृमींची अंडी दिसली. हे जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात, म्हणून घरात जपलेलं पिल्लूही सुटत नाही. औषध आतड्यातले जंत मारतं, पण अंगात इतरत्र फिरणाऱ्या अळ्या नंतर आतड्यात उतरतात. त्यासाठी दोन आठवड्यांनी पुन्हा डोस. घरात लहान लेकरं असतील तर त्यांचे हात साबणानं धुवायला लावा, कारण ही अंडी पोटात गेली तर त्यांतल्या अळ्या माणसाच्या डोळ्यापर्यंतही पोचू शकतात.