अक्षरसंकेतन, अक्षरजुळणीच्या स्थानिक फाइलींतील

पुस्तकाची पाने लावणाऱ्या संगणक-प्रणालीत ‘प्रकरण’, ‘आकृती’, ‘अनुक्रमणिका’, महिन्यांची नावे असे ठरलेले शब्द प्रत्येक भाषेसाठी वेगळ्या फाइलीत, म्हणजे स्थानिक फाइलीत, ठेवलेले असतात. त्यांतले अक्षर कोणत्या अंकाने साठवायचे, या ठरावाला अक्षरसंकेतन म्हणतात. साध्या मजकूर-फाइलीत हा ठराव सहसा नमूद नसतो. लिहिणाऱ्याचा एक आणि वाचणाऱ्या प्रणालीचा दुसरा निघाला, की पानावर कचरा उमटतो.

युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक अंक देणाऱ्या सामाईक ठरावात, देवनागरीच्या मुख्य पट्ट्यात १२८ जागा आहेत. हे अंक साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत त्यांतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणीचे छोटे एकक) घेते. म्हणून बाइटागणिक एक अक्षर मोजणाऱ्या प्रणालीत एकट्या ‘क’च्या जागी तीन परकी चिन्हे दिसतात. पाने लावणारी लाटेक ही प्रणाली एप्रिल २०१८ पासून यूटीएफ-८ गृहीत धरते; त्याआधीच्या वेगळ्या संकेतनातल्या फाइली बदलून घ्याव्या लागतात किंवा त्यांचे संकेतन आरंभी जाहीर करावे लागते. त्याच कुळातल्या झीटेक आणि लुआटेक मुळातच युनिकोड वाचतात.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात, जास्त कष्ट पडतात ते जुना डीटीपी (संगणकावर पाने जुळवण्याच्या कामातला) मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे. मराठी मुलखात इतरत्र झाले तसेच इथेही वर्षानुवर्षे टाइपिंग श्रीलिपीसारख्या फाँटांत झाले. त्या फाइलीत देवनागरी नसतेच. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फाँट काढला की मजकूर गेला. नुसते ‘शोधा आणि बदला’ करून तो परत मिळत नाही, कारण तुकड्यांचा क्रमही वेगळा असतो. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी जुन्या फाइलीत सर्वांत आधी येते, युनिकोडमध्ये मात्र ‘स्थ’ या पूर्ण जोडाक्षरानंतर. ‘मूर्ती’तला रफार उलट मागून पुढे, ‘त’च्या आधी आणावा लागतो. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र तर दोन रीतींनी साठवता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण साध्या शोधात एक लिहून दुसरा सापडत नाही. एका कामात एकच रीत पाळावी.

मजकूर खानदेशातल्या अहिराणी भाषेतला असला तर तपासणीत आणखी एक अडचण येते. अहिराणीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘आहे’च्या जागी ‘शे’ येते. रूपांतरात कुठे चूक झाली हे प्रमाण मराठीशी ताडून पाहणारा माणूस ‘डोया’ला बिघडलेले अक्षर समजून ‘डोळा’ करून टाकतो. संकेतन दुरुस्त होते, भाषा मात्र पुसली जाते. हे नुकसान तुटलेल्या वेलांटीपेक्षा मोठे, कारण ते पानावर दिसतच नाही. अशी तपासणी अहिराणी बोलणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावी.

अहिराणीला भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ‘एएचआर’ हा स्वतंत्र संकेत आहे. तिची स्थानिक फाइल मराठीची नक्कल करून सुरू केली, तरी हा संकेत बदलायला विसरू नये. अक्षरांचे वळण मात्र मराठीच मागावे लागते: ‘ल’ आणि ‘श’ यांचे अंक हिंदी-मराठीत एकच असतात, आणि मराठी वळणाची सोय असलेला फाँट ते वळण मजकुराला लावलेल्या भाषेवरून निवडतो.