संधिवात आणि मानसोपचार

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या आजारातील वेदना, थकवा, निराशा आणि भवितव्याची धास्ती सुसह्य व्हावी म्हणून औषधांच्या जोडीने दिले जाणारे मानसशास्त्रीय उपचार. या आजाराला मराठीत आमवात किंवा नुसते संधिवात म्हणतात. वयोमानाने गुडघे झिजतात तो विकार वेगळा. येथे शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. बोटे, मनगटे, पावले सुजतात आणि उपचार लांबले तर वाकडी होतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार दुपटी-तिपटीने आढळतो.

मनाचा विचार येथे दुय्यम नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधन-आढाव्यात, मुलाखत घेऊन निदान केले तेव्हा संधिवाताच्या सुमारे १७ टक्के रुग्णांना तीव्र नैराश्य असल्याचे दिसले. प्रश्नावलीने मोजले तेव्हा हे प्रमाण त्याहून बरेच जास्त भरले. खचलेला माणूस औषधे चुकवतो. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट या संधिवातावरील औषधाची मात्रा तर सहज राहून जाते. मग सूज वाढते, झोप उडते आणि मन आणखी खचते.

सोलापुरात या आजाराचा विचार विडी कामगार स्त्रियांना वगळून करता येत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या आणि कुंभारीच्या वसाहतींतल्या हजारो घरांत तेंदूची पाने कातरणे, तंबाखू भरून वळणे, दोऱ्याने बांधणे हे काम चालते. विड्या वळल्याने संधिवात होतो असे नाही. पण हा आजार जे लहान सांधे आधी पकडतो, नेमके तेच या कामाला लागतात, आणि मजुरी नगावर मिळते. त्यात सकाळचा ताठरपणा. उठल्यावर तासभर किंवा त्याहून अधिक वेळ मूठ वळत नाही आणि दुपारपर्यंत हात बऱ्यापैकी मोकळे होतात. घरच्यांना वाटते, सकाळच्या कामाच्या वेळीच हिला दुखते कसे? हा अविश्वास रुग्णाला सांध्यांइतकाच छळतो. म्हणून नवरा, सासू किंवा मोठ्या मुलीला एखाद्या सत्राला बोलावून आजाराचे हे दैनंदिन चक्र समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

मानसोपचाराचे नाव काढताच अनेक रुग्ण विचारतात, ‘म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे का?’ तसे नाही. सांध्यातील दाह खराच असतो. मात्र वेदनेचे संदेश मेंदूपर्यंत जसेच्या तसे पोहोचत नाहीत, मज्जारज्जूत त्यांची तीव्रता कमी-जास्त होते, अशी मांडणी मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये केली. भीती, एकटेपणा आणि अपुरी झोप वेदना वाढवतात, तर सुरक्षितपणाची भावना ती कमी करते. मानसोपचार काम करतो तो या टप्प्यावर.

सर्वाधिक अभ्यासली गेलेली पद्धत म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार. ‘आता मी कायमची अपंग होणार’, ‘मी घराला ओझं झाले’ अशा विचारांना पकडून ते कितपत खरे आहेत हे रुग्ण उपचारकासोबत तपासतो. लिहिता न येणाऱ्यांबरोबर हे बोलून, उजळणी करूनही करता येते. दुसरा भाग कामाच्या आखणीचा. बरे वाटले त्या दिवशी सगळी कामे उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरूण धरायचे, ही सवय फार आढळते. भोगीच्या भाकऱ्या, संक्रांतीचा तीळगूळ आणि सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा एकाच आठवड्यात येतात. तेव्हा हे हमखास घडते. येथे शिकवायचे ते असे की दुखू लागल्यावर थांबू नये, आधीच ठरवलेल्या वेळी थांबावे. नगावर पोट असलेल्या बाईला ‘विश्रांती घ्या’ सांगणे निष्ठुरपणाचे आहे. ठरावीक विड्या झाल्या की हात सैल सोडणे, ताठरपणाच्या वेळात पाने कातरायला न बसणे, सोबतिणीशी कामाची अदलाबदल करणे, असे मार्ग तिच्याबरोबर बसूनच शोधावे लागतात.

शिथिलीकरणात स्नायू क्रमाने आवळून सैल सोडतात. सुजलेल्या सांध्यांभोवती मात्र आवळणे टाळून फक्त सैल सोडण्याचा सराव द्यावा. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला सजगतेवर, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्यावर आधारित कार्यक्रमही वापरला जातो. मनातले लिहून काढण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष संमिश्र आहेत.

परिणामांबाबत अवास्तव आशा दाखवू नये. २००२ मध्ये २५ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा वेदनेत झालेली घट लहान होती. आजाराला तोंड देण्याच्या क्षमतेत त्याहून ठळक सुधारणा दिसली. सराव सुटला की फायदा ओसरू शकतो, म्हणून अधूनमधून उजळणीची सत्रे हवीत. सांध्यांचे नुकसान मानसोपचाराने थांबत नाही. त्यासाठी औषधेच लागतात. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत आजाराशी जुळवून घेण्यासाठी शिथिलीकरण, ताणाचे व्यवस्थापन आणि विचारांची कौशल्ये रुग्णांना देऊ करावीत, असे म्हटले आहे.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न शासकीय रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘सिव्हिल’, हा गरीब रुग्णांचा मुख्य आधार आहे. शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही घरोघरी बोलली जाते. दुःख सांगायचे ते मायबोलीतच, त्यामुळे रुग्णाची भाषा जाणणारा समुपदेशक मिळणे महत्त्वाचे ठरते. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे प्रादेशिक भाषांत बोलता येते. थकवा आणि निद्रानाश संधिवातातही असतात, नैराश्यातही. त्यामुळे केवळ त्यांवरून निदान होत नाही. पण कशातच रस उरला नाही, जगणे नकोसे झाले असे रुग्ण बोलू लागला, तर समुपदेशनावर न थांबता त्याला लगेच मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे.