जलअश्व रंगवताना

या पाकिटातल्या कागदावर जो प्राणी आहे, तो पुढून घोडा आणि मागून मासा आहे. ग्रीक पुराणकथांत त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. समुद्रदेव पोसायडनचा रथ तो ओढतो. चित्र हातात घेतल्यावर बहुतेक जण विचारतात, की याचा खरा रंग कोणता? रोमजवळच्या ओस्टिया या प्राचीन शहरातल्या रोमन स्नानगृहात जमिनीवर असे जलअश्व आहेत, पण ते काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांचे. रोममधल्या १७६२ साली पूर्ण झालेल्या त्रेवी कारंज्यावरचे तर नुसत्या दगडातले. तेव्हा रंग तुमचाच. हवा तर जांभळा द्या. मात्र उजेड कुठून येतो आणि अंगाला गोलाई कुठे आहे, हे खऱ्या घोड्याकडून आणि खऱ्या माशाकडून घ्या. तेवढे जमले की जांभळा घोडाही खरा वाटतो.

आधी प्रकाशाची दिशा ठरवा. पाण्यात उजेड वरूनच येतो. खुल्या समुद्रातले बरेच मासे पाठीला गडद आणि पोटाला फिकट असतात. शेपटीकडच्या भागाला तीच रीत लावा: पाठीवर गडद निळा, बाजूला हिरवट, पोटाशी जवळजवळ कोरा कागद.

पांढऱ्या पेन्सिलीच्या भरवशावर राहू नका. गडद थरावर ती उमटत नाही, फार तर खालचा रंग दुधाळ करते. डोळ्यातली चमक, नाकपुडीची कड, ओल्या मानेवरचा उजेड या जागा सुरुवातीपासून कोऱ्या ठेवा. आयाळीतले बारीक पांढरे केस हवे असतील, तर रंग लावण्याआधी शाई संपलेल्या बॉलपेनने कागदावर दाबून रेघा ओढा. नंतर वरून पेन्सिल आडवी फिरवली की रंग खळगीत उतरत नाही आणि केस आपोआप उठून दिसतात. आम्हाला स्वतःला ही युक्ती फार आवडते.

सगळ्यात जास्त वेळ खवल्यांना द्या. खवले घराच्या कौलांसारखे एकावर एक बसतात आणि त्यांची मोकळी कड शेपटीकडे असते. प्रत्येक खवला जिथे पुढच्या खवल्याखाली शिरतो तिथे गडद, मोकळ्या कडेला फिकट. शेपटीकडे जाताना ते लहान होत जातात. सगळे खवले सारख्याच नेटाने रंगवले तर अंग चपटे दिसते. म्हणून उजेडातले थोडेच नीट काढा आणि सावलीतले नुसते सुचवा.

घोडा संपून मासा सुरू होतो ती जागा अवघड. तिथे सरळ रेघ मारली, तर दोन चित्रे चिकटवल्यासारखी दिसतात. बरगड्यांच्या मागे केसांच्या दिशेने ओढलेल्या रेघांत एखाददुसरा खवला पेरा, पुढे त्यांची गर्दी वाढवा. घोड्याच्या अंगावरचा तपकिरी रंग खवल्यांच्या सावलीतही थोडा घ्या आणि शेपटीतला निळा घोड्याच्या पोटाखाली. दोन्ही अंगे एका जिवाची वाटतात ती यामुळे.

सावलीला काळी पेन्सिल लावू नका, असे आम्ही आग्रहाने सांगतो. तिने रंग मरतो. गडद निळा आणि तपकिरी एकावर एक दिले की खोल, जिवंत सावली मिळते. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे साधारण १० मीटर खोलीवर लाल वस्तू मळकट दिसते. जलअश्व लाल हवा असेल तर त्याला लाटेवर ठेवा. खोल पाण्यात दाखवायचा असेल तर निळ्या-हिरव्या छटांत राहा आणि एखादाच नारिंगी कण डोळ्यात टाका.

हात हलका ठेवा. पहिले तीन-चार थर जवळजवळ पेन्सिलीच्या वजनानेच पडू द्यावेत. जोर लावला की कागदाचा खरखरीतपणा दबतो आणि पुढचा रंग धरत नाही. सगळे थर झाल्यावर, शेवटी, एखाद्या फिकट पेन्सिलीने दाबून घासा. खवल्यांना ओलसर तकाकी येते. टोक वरचेवर काढा. तळहाताखाली कोरा कागद ठेवा आणि भुकटी हाताने पुसण्याऐवजी मऊ ब्रशने झटका.

मेणाच्या पेन्सिलींनी जाड थर दिले तर काही दिवसांनी गडद भागावर पांढुरकी साय धरते. घाबरू नका, रंग बिघडलेला नसतो. मऊ कापडाने हलकेच पुसली की ती निघून जाते. चित्र भिंतीवर लावणार असाल तर थेट ऊन टाळा. काही गुलाबी आणि जांभळ्या छटा उन्हात लवकर उडतात. आणि पेन्सिली जमिनीवर पडू देऊ नका. आतली कांडी तुटते, मग शार्पनरमध्ये टोक पुन्हा पुन्हा गळत राहते.