खुशाली आणि हकीकत : परदेशात विखुरलेल्या घरांच्या प्रवासवार्तांची पार्श्वभूमी

एकाच घरातली माणसं तीन-चार देशांत राहायला लागली की प्रवासाची बातमी हा घरातला नेहमीचा विषय होतो. कोणी विमानतळावर अडकलेलं असतं, कोणी नव्या शहरात उतरलेलं असतं, कोणाचा व्हिसा अजून यायचा असतो. या बातम्यांचे मुळात दोनच प्रकार. एक खुशाली : सुखरूप पोचलो, काळजी नसावी. दुसरी हकीकत : वाटेत काय झालं, काय पाहिलं, कोण भेटलं. आज या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी येतात. खुशाली काही सेकंदांत पोचते, हकीकत बहुतेकदा राहूनच जाते. हे मोबाइलनं केलं असं आपण धरून चालतो. माझ्या मते ही फारकत दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती मुख्यतः बातमी पाठवायच्या दरानं घडवली आहे.

शिडाच्या जहाजांच्या काळात दोन्ही गोष्टी एकाच पाकिटातून यायच्या, कारण दुसरा मार्गच नव्हता. युरोपातून अमेरिकेला पोचायला पाच-सहा आठवडे सहज लागत. पोचलेल्या माणसानं पत्र लिहायचं, ते परतीच्या जहाजावर चढायचं आणि पुन्हा काही आठवडे घेऊन घरी यायचं. म्हणजे निरोप देऊन आलेल्या घरच्यांना माणूस जिवंत पोचला की नाही हे कळायला तीन महिने लागू शकत. या मधल्या काळात घरच्यांना एकच आधार होता : वर्तमानपत्रांतली जहाजांची खबर. कुठलं जहाज कुठल्या बंदराला लागलं, कुठलं बेपत्ता आहे, हे तिथे छापून येई. लंडनमधल्या एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहातून वाढलेली ‘लॉइड्स लिस्ट’ 1734 पासून निघते. ती व्यापारी आणि विमेकऱ्यांसाठी होती. पण अशा खबरांमधलं जहाजाचं नाव शोधणारी माणसं सगळी व्यापारी नव्हती.

पत्र वाटेत हरवण्याची भीती इतकी होती की पुष्कळ कुटुंबं पत्रांना क्रमांक घालत. सातव्या क्रमांकानंतर एकदम नववं आलं की आठवं बुडालं हे कळायचं, आणि त्यातली महत्त्वाची बातमी पुढच्या पत्रात पुन्हा लिहिली जायची. महत्त्वाच्या पत्राच्या दोन प्रती करून दोन वेगळ्या जहाजांनी पाठवण्याची रीतही होती. वाफेच्या जहाजांनी हे अंतर झपाट्यानं कमी केलं. 1838 मध्ये ‘ग्रेट वेस्टर्न’ 15 दिवसांत ब्रिस्टलहून न्यूयॉर्कला पोचली.

वेळ कमी झाला, तरी पैशाचं गणित अजून कठीण होतं. 1840 च्या आधी ब्रिटनमध्ये टपालाचा दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्यानं द्यायचे असत. त्यामुळे लोक एकच कागद भरेपर्यंत लिहीत, मग तो आडवा फिरवून आधीच्या ओळींवरून पुन्हा लिहीत. अशी पत्रं वाचताना डोळे दुखतात, पण लिहिणाऱ्याला किती सांगायचं होतं ते त्यांच्याकडे पाहिल्याबरोबर कळतं. याच काळातली एक गोष्ट टपालसुधारणेच्या चर्चेत फार सांगितली गेली. एका मुलीनं दारात आलेलं भावाचं पत्र हातात घेऊन पाहिलं आणि पैसे नाहीत म्हणून परत केलं. शेजारी उभ्या असलेल्या प्रवाशाला दया आली, त्यानं पैसे भरले. पत्र उघडलं तर आत कोरा कागद. बहीणभावांचं ठरलंच होतं : सगळं ठीक असेल तर दर तिमाहीला कोरा कागद पाठवायचा, आणि तो न सोडवता परत करायचा. खुशाली फुकटात मिळायची. हकीकत मात्र नाही.

इथे फारकतीची पहिली खूण दिसते. पैसे वाचवायचे तर खुशाली सांकेतिक होते आणि हकीकत गळते.

1840 मध्ये टपालसुधारक रोलंड हिल यांच्या योजनेनुसार ब्रिटनमध्ये अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशभर एक पेनी दर आला आणि पैसे पाठवणाऱ्यानं आधी भरण्याची पद्धत रूढ झाली. परदेशी पत्रांचा गुंता सुटायला अजून तीन दशकं गेली. तोवर देशादेशांमध्ये स्वतंत्र करार होते आणि पत्र ज्या-ज्या देशातून जाईल त्याचा हिशोब निराळा. 9 ऑक्टोबर 1874 रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे 22 देशांनी करार केला, त्यातून पुढे जागतिक टपाल संघ उभा राहिला. सदस्य देशांचा प्रदेश टपालासाठी एकच मानायचा आणि एका देशाचं तिकीट शेवटच्या दारापर्यंत चालायचं, हे तेव्हा ठरलं. परदेशात राहणाऱ्या सामान्य माणसाच्या दृष्टीनं याच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय करार मला तरी दुसरा दिसत नाही. 1906 मध्ये या संघाच्या रोम परिषदेत आंतरराष्ट्रीय उत्तर-कुपन आलं : परदेशातल्या मुलानं ते पत्रात घालायचं, आणि घरच्यांनी ते आपल्या टपालकचेरीत देऊन उत्तरासाठी तिकीट घ्यायचं. गरीब घरातलं उत्तर पैशांवाचून अडत होतं हे परिषदेलाही दिसलं होतं.

दक्षिण चीनमधून आग्नेय आशियात गेलेल्या मजुरांनी तर पत्र आणि पैसा यांची एकच मोट बांधली होती. त्यांच्या पत्रांना छ्याओफी म्हणतात. पत्राबरोबर घरी पैसे जात, आणि ते नेणारे विश्वासू मध्यस्थ आणि पुढे त्यांच्या पेढ्या असत. परक्या बंदरात उतरल्यावर पहिलं पत्र सुखरूप पोचल्याचं, सोबत जमेल तेवढी छोटी रक्कम. म्हणजे खुशालीला पुराव्याची जोड होती. ही पत्रं 2013 मध्ये युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ नोंदवहीत गेली.

पत्रांच्या या सुकाळात मला सगळ्यांत आवडते ती फिरत्या पत्राची रीत. चार ठिकाणी राहणारी भावंडं एक क्रम ठरवत. पहिला आपलं पान लिहून दुसऱ्याला पाठवी, दुसरा त्यात आपलं पान घालून तिसऱ्याला, अशी ती चळत वाढत जाई. फिरून आपल्याकडे आली की आपलं जुनं पान काढायचं, नवं घालायचं, बाकीच्यांची पानं वाचून पुढे धाडायचं. प्रत्येकाला सगळ्यांची हकीकत मिळे, आणि आपण काय लिहिलं ते सगळे वाचणार हे ठाऊक असल्यानं माणूस जरा नीट लिही. कोणी आळस केला की साखळी तिथेच अडून बसे, आणि मग त्याला बाकीच्यांची स्मरणपत्रं जात. आजच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप-गटाचा खरा पूर्वज हाच.

तारेनं मात्र दोन्ही गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या केल्या. 1866 मध्ये अटलांटिकखालून टिकाऊ तार सुरू झाली तेव्हा सुरुवातीचा दर 20 शब्दांपर्यंत 20 पौंड होता. कामगाराच्या वर्षभराच्या कमाईचा मोठा हिस्सा त्यात गेला असता, तेव्हा घरच्यांसाठी ती नव्हतीच. दर उतरत गेले तशी ती सामान्यांच्या हाती आली, पण तीन-चार शब्दांपुरतीच. खुशाली तारेनं, हकीकत मागाहून पत्रानं, ही विभागणी पक्की झाली.

मग बिनतारी संदेश आला आणि समुद्राच्या मधूनही घरी बातमी जाऊ लागली. ‘टायटॅनिक’वर प्रवाशांना पहिल्या दहा शब्दांना 12 शिलिंग 6 पेन्स आणि पुढच्या प्रत्येक शब्दाला 9 पेन्स द्यावे लागत. तरी खासगी संदेशांचा ढीग होता. त्यातच यंत्र बिघडून दुरुस्तीत बरेच तास गेले, आणि काम तुंबलं. 14 एप्रिल 1912 च्या रात्री ‘टायटॅनिक’चे संदेशक जॅक फिलिप्स हे संदेश न्यूफाउंडलंडमधल्या केप रेस केंद्राकडे धाडत बसले होते. जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाच्या संदेशकानं आम्ही बर्फात अडकून उभे आहोत असं कळवलं, तर फिलिप्सनी त्याला गप्प बसायला सांगितलं, केप रेसचं काम चालू आहे म्हणून. थोड्या वेळानं ‘कॅलिफोर्नियन’च्या संदेशकानं आपलं यंत्र बंद केलं आणि तो झोपायला गेला. 11.40 ला ‘टायटॅनिक’ची हिमनगाशी टक्कर झाली. अपघाताची कारणं अनेक होती आणि सगळा दोष या संदेशांवर टाकणं अन्यायाचं होईल. पण घरी खुशाली कळवण्याच्या साध्या इच्छेचा त्या रात्री केवढा भार होता, हे विसरता येत नाही. दुसऱ्या दिवशी काही वर्तमानपत्रांनी सगळे प्रवासी वाचल्याचं छापलं. किनाऱ्यावरच्या कुटुंबांना खरी बातमी मिळाली ती वाचलेल्यांना उचलून घेणाऱ्या ‘कार्पेथिया’ जहाजावरून एकेक नाव करून आलेल्या वाचलेल्यांच्या यादीतून. नंतरच्या नियमांत प्रवासी जहाजांवर बिनतारी यंत्रापाशी चोवीस तास माणूस असण्याची सक्ती आली.

युद्धानं खुशालीला आणखी आवळलं. दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्रांत अडकलेल्या नातेवाइकांना रेडक्रॉसच्या छापील अर्जावर निरोप पाठवता येई : जास्तीत जास्त 25 शब्द, तेही फक्त घरगुती. प्रवासाचा मार्ग, ठिकाण, हवापाणी यातलं काही लिहिलं तर सेन्सॉर कात्री लावणार. उत्तर त्याच कागदाच्या मागे, कित्येक महिन्यांनी.

शांततेच्या काळात हकीकत आक्रसली ती पोस्टकार्डामुळे. पहिलं सरकारी पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत 1 ऑक्टोबर 1869 ला निघालं. चित्रकार्डांच्या मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायचा नियम होता, म्हणून मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. 1902 मध्ये ब्रिटननं आणि 1907 मध्ये अमेरिकेनं मागची बाजू दुभागायला परवानगी दिली. तरी मिळाली अर्धीच बाजू, आणि टपालवाल्यापासून शेजाऱ्यांपर्यंत कोणीही वाचावं अशी उघडी. मोठं पत्र स्वस्तात नेणारं साधन म्हणजे हवाईपत्र : स्वतःच घडी होऊन पाकीट बनणारा पातळ कागद. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या पत्रांमुळे ते पसरलं आणि 1952 मध्ये टपाल संघानं त्याला अधिकृत मान्यता दिली. आत काही घालायचं नाही, पण कागदाच्या कडेपर्यंत लिहायला कोणाची ना नव्हती. परदेशी राहणाऱ्या कुटुंबांच्या प्रवासकथा पुढची काही दशकं याच निळसर कागदावर लिहिल्या गेल्या.

टेलिफोनचं फार सांगण्यासारखं नाही, कारण बराच काळ तो घरच्यांच्या आवाक्याबाहेर होता. 7 जानेवारी 1927 ला न्यूयॉर्क-लंडन सेवा सुरू झाली, तीन मिनिटांना 75 डॉलर. 1956 मध्ये अटलांटिकखालून टेलिफोनची पहिली तार गेली तेव्हाही एकाच वेळी जेमतेम 36 संभाषणं मावत. पण इथे कोऱ्या कागदाची युक्ती पुन्हा अवतरली. ठरलेल्या वेळी दोनदा घंटा वाजवून फोन ठेवून द्यायचा. किंवा ऑपरेटरकडे एखाद्या बनावट नावाच्या माणसाची मागणी करायची. घरचे म्हणणार, ते इथे नाहीत. मागितलेला माणूस भेटला नाही म्हणून पैसे पडत नाहीत, आणि खुशाली पोचली. मिस्ड कॉल ही त्याचीच पुढची पिढी.

हकीकतीला मधे एक सुंदर वाट मिळाली. 1963 मध्ये फिलिप्स कंपनीनं छोटी कॅसेट आणली, आणि परदेशी कामाला गेलेली माणसं लिहिण्याऐवजी बोलून पाठवू लागली. ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं त्यांची हकीकत पहिल्यांदा लेखनिकाशिवाय, त्यांच्याच शब्दांत आणि खोकल्या-हसण्यासकट घरी गेली. घरचे जमून ती ऐकत आणि त्याच कॅसेटवर उत्तर भरून पाठवत. त्यामुळे आधीचा आवाज पुसला जायचा, हे त्यातलं दुःख.

1996 नंतर फुकट ईमेल आला, आणि प्रवासात सायबर कॅफेत बसून सगळ्या नातेवाइकांना एकदम लांबलचक पत्र लिहिण्याचा थोडा काळ येऊन गेला. अंतराचाही दर नाही आणि शब्दांचाही नाही, असं त्या आधी कधी झालं नव्हतं. 2003 मध्ये स्काइप आणि 2009 मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आलं तसं लांब लिहिणं आटलं. दर शून्यावर आला, तरी तारेनं लावलेली सवय टिकली. किंमत आता पैशांत नव्हती, वेळेत आणि लक्षात होती.

याच सुमारास खुशाली प्रवाशाच्या हातून निसटू लागली. विमानं आपली जागा रेडिओवरून सतत प्रसारित करतात. घराच्या छपरावर छोटे ग्रहणसंच बसवणाऱ्या हौशी लोकांमुळे ते संकेत एकत्र होऊन नकाशावर दिसतात. 2006 मध्ये दोन स्वीडिश विमानप्रेमींनी सुरू केलेल्या फ्लाइटरडार24 वर मुलीचं विमान आत्ता कुठे आहे ते आई पाहू शकते. मुलगी झोपलेली असते. ही जुन्या वर्तमानपत्रांतली जहाजांची खबरच, फक्त ताजी. 2014 मध्ये फेसबुकनं संकटाच्या जागी असलेल्यांना ‘सुरक्षित आहे’ असं एका कळीनं कळवायची सोय दिली आणि एप्रिल 2015 च्या नेपाळ भूकंपात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. 2017 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर 15 मिनिटं, एक तास किंवा आठ तास आपला ठावठिकाणा हलता दाखवणं सुरू झालं. या सोयींनी किती घरांतली रात्रभराची घालमेल वाचवली असेल, त्याचं मोल मला फार मोठं वाटतं.

हकीकतीच्या वाट्याला व्हॉट्सअ‍ॅपवर 2013 पासून ध्वनिसंदेश आहेत, कॅसेटचे वारस. त्याहून जास्त आहेत छायाचित्रं. फोनच्या कॅमेऱ्यानं काढलेल्या छायाचित्रात तारीख, वेळ आणि बहुधा जागाही नोंदलेली असते. पण संदेशाच्या अ‍ॅपमधून नेहमीच्या पद्धतीनं पाठवताना ते आकसतं आणि जागेची ही नोंद साधारणपणे गळून पडते. नातेवाइकांच्या फोनवर उरतं ते फक्त चित्र. ते कुठल्या शहरातलं, कोणत्या सहलीचं, तिथे पोचायला काय यातायात पडली आणि चौकटीबाहेर कोण उभं होतं, हे पाठवणाऱ्यानं खाली दोन ओळी लिहिल्या असतील तरच पुढच्या पिढीला कळेल.