संत्र्याचं चौथं घर

"मॅडम, संत्र्यानं सर्दी होते की जाते?"

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एका मुलीनं हे विचारलं. त्या दिवशी सकाळी आजीनं तिच्या हातातलं संत्रं काढून घेतलं होतं, "घसा धरेल" म्हणून. दुपारी मोबाइलवर निरोप आला, "रोज दोन संत्री खा, सर्दी फिरकणार नाही." डिसेंबरात नागपूरच्या प्रत्येक घरात ही दोन्ही वाक्यं ऐकू येतात, आणि दोन्ही सांगणारे पोटतिडकीनं सांगतात.

उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण मग पुढच्या आठवड्यात हळदीबद्दल आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात अल्कलाइन पाण्याबद्दल मलाच विचारलं असतं. म्हणून मी फळ्यावर एक चौकट काढली आणि तिची चार घरं केली. संत्रं खाल्लं, सर्दी झाली. खाल्लं, झाली नाही. खाल्लं नाही, तरी झाली. खाल्लंही नाही, झालीही नाही.

समजा, वसतिगृहात 100 मुलं आहेत. हंगाम असल्यामुळे 80 जण संत्री खातात, 20 जण खात नाहीत. थंडीमुळे खिडक्या बंद, एका खोलीत चौघं, विषाणूला याहून सोयीचं काय असणार? महिन्याभरात 40 जणांना सर्दी होते. पहिल्या घरात 32 जण येतात. हे 32 जण शपथेवर सांगतील, "मी संत्रं खाल्लं आणि सर्दी झाली." त्यातला एकही खोटं बोलत नाही. आता बाकीची घरं भरा: 48, 8 आणि 12. खाणाऱ्या 80 पैकी 32, म्हणजे 40 टक्के. न खाणाऱ्या 20 पैकी 8, तेही 40 टक्केच. संत्र्याचा काडीचाही संबंध नाही, तरी साक्षीदार 32!

हे गणित मला फार आवडतं, कारण आहाराबद्दलचे बहुतेक गैरसमज पहिल्या घरात जन्मतात आणि तिथंच वाढतात. आपली आठवण मागे जाऊन कारण शोधते. नाक वाहायला लागलं की काल काय खाल्लं ते आठवतं. न खाता ठणठणीत राहिलेल्या माणसाला आठवावं असं काही घडलेलंच नसतं. चौथ्या घरातली माणसं कधीच कुणाला काही सांगत नाहीत.

आजीच्या म्हणण्यात निरीक्षण आहे, हे मी वर्गात आवर्जून सांगितलं. घसा आधीच सुजलेला असेल तर आंबट फोड झोंबते, ठसका लागतो. पण तिथं सर्दी आधी आलेली असते, संत्रं नंतर. अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर तयार होणाऱ्या संत्र्यांची तोडणी आणि थंडी सोबतच येतात, त्यामुळे हा क्रम ध्यानात येत नाही.

आता मोबाइलवरचा निरोप. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांना दोन नोबेल पारितोषिकं मिळाली होती. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेनं सर्दी टळते, असं त्यांनी 1970 साली ठासून सांगितलं. पुढे 11 हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. सर्वसाधारण माणसांत रोज गोळी घेऊनही सर्दी होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. झालेली सर्दी मोठ्यांत सुमारे 8 टक्के लवकर बरी झाली, म्हणजे आठवड्याच्या दुखण्यात जेमतेम अर्धा दिवस. मॅरेथॉनपटू, कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे सैनिक, अशा लोकांमध्ये मात्र सर्दी होण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. नोबेल विजेत्याच्या दाव्यालाही चार घरं भरावीच लागतात. 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून बाटल्या विकणारे तर पहिलं घरही भरत नाहीत, आणि पालक त्यावर पैसे घालवतात याची मला खरोखर चीड येते.

मागच्या बाकावरचा काटोलचा मुलगा उठला. "मॅडम, आमच्याकडे तोडणीच्या दिवसांत सगळेच संत्री खातात. खालची दोन घरं भरायला माणूस आणायचा कुठून?"

याच प्रश्नाची मी वाट पाहत होते. तुलना आयती मिळत नसेल तर घडवावी लागते. 1747 साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा रोग, झालेले 12 खलाशी घेतले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. जेवण सगळ्यांना सारखं. वरून एका जोडीला सायडर, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, आणि एका जोडीला रोज दोन संत्री, एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात त्या दोघांतला एक कामावर जायला तयार झाला होता. बाकीच्या जोड्या नसत्या तर ते आपसूक बरं होणं ठरलं असतं.

हे शिकवता येतं का? युगांडात 120 प्राथमिक शाळांमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून पाहिलं गेलं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात, आरोग्याचे दावे तपासायचे धडे मिळालेल्या मुलांपैकी 69 टक्के परीक्षेत उत्तीर्ण झाली. धडे न मिळालेल्यांत 27 टक्के. दहा-बारा वर्षांच्या मुलांना जमतं ते आमच्या महाविद्यालयात का जमू नये?

मग वर्गानं स्वतःची चाचणी आखायला घेतली. नाणं उडवून गट पाडायचे, इथवर एकमत झालं. तीन आठवडे संत्र्याविना राहायला काटोलचा मुलगा नाखुशीनं तयार झाला. तेवढ्यात आजीवाल्या मुलीनं विचारलं, "दोन शिंका आल्या तर ती सर्दी धरायची का?" कुणी म्हणालं, नाक वाहिलं पाहिजे. कुणी म्हणालं, ताप हवा. कुणी म्हणालं, मोजणाऱ्याला गट माहीतच नसावा. तास संपला तरी फळ्यापाशी सात-आठ जण भांडत उभे होते.